घंटी वाजते, आवाज येत नाही : इंटरनेट दूरध्वनीतील पत्त्याचा प्रश्न

परगावच्या माणसाशी बोलण्यासाठी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळत बसण्याचे दिवस आपल्यापैकी अनेक सभासदांनी पाहिले आहेत. त्यानंतर नाक्यानाक्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, मग मोबाईल आला. आता तर दूरदेशी असलेल्या मुलाशी आई-वडील इंटरनेटवरून समोरासमोर बसल्यासारखे बोलतात. विद्यार्थ्यांच्या शिकवण्या आणि नोकरीच्या मुलाखतीही इंटरनेटवरून होऊ लागल्या आहेत.

मात्र या सोयीबरोबर एक चमत्कारिक अनुभवही वाट्याला येतो. समोरच्याची घंटी वाजते, तो फोन उचलतो, पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागतात आणि आवाज मात्र एकाच बाजूने ऐकू येतो. कधी कधी तर दोन्हीकडे शांतता! आपण "हॅलो, हॅलो" करीत राहतो आणि अखेर "नेटवर्क खराब आहे" असे म्हणून फोन ठेवून देतो.

पुष्कळदा नेटवर्क मुळीच खराब नसते. खराब असतो तो पत्ता. आवाज निघालेला असतो, परंतु जो पत्ता देऊन त्याला धाडले, तो पत्ताच खोटा ठरलेला असतो. हे असे का होते आणि त्यावर तंत्रज्ञांनी कोणते उपाय शोधले, ते या लेखात सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक इंजिनिअर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत टेबलावर बसून काम करणारा कर्मचारी आहे. म्हणून उदाहरणेही कचेरीतलीच घेतली आहेत.

पत्त्यांची टंचाई

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगात मिळून असे पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या काळी जाळ्यावरील संगणक शेकड्यांत मोजण्याइतके होते. एवढे पत्ते कधी संपतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

सुरुवातीचे वाटप सढळ हाताने झाले. अमेरिकेतील एमआयटी या एकाच शिक्षणसंस्थेकडे १८ या अंकाने सुरू होणारे सर्वच्या सर्व, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होते. त्यातील मोठा भाग संस्थेने २०१७ मध्ये विकायला काढला. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला साहजिकच उरलेसुरले आले. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर टंचाईची चाहूल लागली होती. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. १५ एप्रिल २०११ पासून आशिया-पॅसिफिक विभागात अक्षरशः रेशनिंग सुरू झाले. तेव्हा एका संस्थेला शेवटच्या साठ्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळत.

ही वेळ येणार हे ओळखून मे १९९४ मध्ये केल्ड एगेवँग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा सुचवला. एका कचेरीतील अनेक संगणकांनी आतल्या आत खाजगी पत्ते वापरावेत आणि बाहेर जाताना दारावरच्या यंत्राने ते बदलून सार्वजनिक पत्ते लावावेत. या पत्ताबदलालाच 'नॅट' म्हणतात. पुढे याच युक्तीत पोर्ट क्रमांकाची भर पडली आणि एकाच सार्वजनिक पत्त्यावर शेकडो यंत्रांचा कारभार चालू लागला. फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी तीन गट कायमचे राखून ठेवले गेले. १० या अंकाने सुरू होणारा पहिला गट, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा दुसरा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा तिसरा. तुमच्या-आमच्या घरातील राउटर जो १९२.१६८.१.१ असा काहीसा पत्ता दाखवतो, तो या तिसऱ्या गटातला. असे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात आहेत. म्हणूनच घराबाहेर त्यांना काही अर्थ नाही.

ही योजना तात्पुरती आहे असे तिच्या कर्त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवले होते. जे कार्यक्रम आपल्या मजकुराच्या आत आयपी पत्ता लिहितात, ते या पद्धतीत अडचणीत येतील, हेही त्यांनी सांगितले होते. नेमके तेच इंटरनेट दूरध्वनीच्या बाबतीत घडले.

जावक टेबलावरील कारकून

समजा, एका मोठ्या कचेरीत दोनशे कर्मचारी आहेत. टपालखात्याला मात्र कचेरीचा एकच पत्ता ठाऊक आहे. टेबल क्रमांक १० ही खूण इमारतीच्या आतच चालते. टेबल १० वरून पत्र निघाले की ते जावक विभागात येते. तेथील कारकून पाकिटावरील 'प्रेषक : टेबल १०' हे खोडतो, कचेरीचा पत्ता लिहितो, जावक क्रमांक ४०००२ घालतो आणि नोंदवहीत लिहून ठेवतो की ४०००२ म्हणजे टेबल १०. उत्तर येते तेव्हा त्यावर 'आपला जावक क्र. ४०००२' असा संदर्भ असतो. कारकून नोंदवही उघडून ते पत्र बरोबर टेबल १० वर पोहोचवतो.

घरातील राउटर हेच काम करतो. जावक क्रमांक म्हणजेच पोर्ट क्रमांक. मात्र या यांत्रिक कारकुनाच्या तीन सवयी लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली, ज्या आवक पत्राची नोंद वहीत नाही ते तो सरळ टोपलीत टाकतो. दुसरी, काही काळ पत्रव्यवहार झाला नाही तर तो नोंद खोडून टाकतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तो फक्त पाकीट पाहतो. आतले पत्र उघडून वाचत नाही.

एखादे संकेतस्थळ पाहताना या सवयींचा त्रास होत नाही. कारण पहिले पत्र नेहमी आपल्याकडूनच जाते आणि उत्तर त्याच नोंदीवर परत येते. दूरध्वनीचे तसे नाही. कोण, केव्हा, कोठून फोन करील हे आधी ठाऊक नसते. फोनचे सारे महत्त्व, आपण न बोलावता कोणी तरी आपल्याला हाक मारू शकते, यातच आहे.

एका फोनचे दोन प्रवाह

इंटरनेटवरून बोलण्याचा 'इंटरनेट फोन' हा कार्यक्रम इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने फेब्रुवारी १९९५ मध्ये बाजारात आणला. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलावीत म्हणून नियमावल्या तयार झाल्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची 'एच ३२३' ही नियमावली १९९६ ची. इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी तयार केलेली 'सिप' ही नियमावली प्रथम मार्च १९९९ मध्ये आणि सुधारून जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. आज कार्यालयांतील बहुतेक इंटरनेट फोन सिपवर चालतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सिप आवाज वाहून नेत नाही. ती केवळ बोलणी जुळवते. 'अमुक तुमच्याशी बोलू इच्छितो', 'घंटी वाजत आहे', 'उचलला', 'ठेवला' असे निरोप ती सर्व्हरमार्फत पोहोचवते. प्रत्यक्ष आवाज 'आरटीपी' नावाच्या वेगळ्या नियमाने, वेगळ्या पोर्टवरून आणि शक्य तर थेट एका फोनकडून दुसऱ्या फोनकडे जातो. साधारणपणे आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे एका सेकंदाला ५० पाकिटे सुटतात. हरवलेले पाकीट पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते.

मग आवाजाची पाकिटे कोठे पाठवायची हे समोरच्याला कसे कळते? सिपच्या निरोपाच्या आत एक चिठ्ठी असते. तिच्यात लिहिलेले असते, 'माझ्यासाठी आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा.' सगळा घोटाळा या चिठ्ठीत आहे.

घोटाळा नेमका कोठे होतो?

समजा, पुण्यात 'अ' आहे. त्याच्या फोनचा खाजगी पत्ता १९२.१६८.१.१० आणि राउटरचा सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.५. नागपुरात 'ब' आहे. त्याच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता १९८.५१.१००.७ आणि घरातील फोनचा पत्ता १९२.१६८.१.२०.

'अ' ने फोन लावला. निरोपाचे पाकीट पुण्याच्या राउटरवर आले, कारकुनाने पाकिटावरचा पत्ता बदलला आणि ते सर्व्हरकडे गेले. 'ब' च्या फोनने सर्व्हरशी आधीच संपर्क ठेवलेला असल्याने नागपूरच्या वहीत नोंद होती. त्यामुळे निरोप पोहोचला आणि घंटी वाजली. येथवर सर्व ठीक.

पण निरोपातील चिठ्ठी कोणी बदललेली नाही. तिच्यात अजूनही लिहिले आहे, 'आवाज १९२.१६८.१.१० या पत्त्यावर, पोर्ट ८००० वर पाठवा.' 'ब' चा फोन आज्ञाधारकपणे त्या पत्त्यावर आवाज धाडतो. परंतु नागपूरच्या घरात १९२.१६८.१.१० हा पत्ता कदाचित कोपऱ्यातल्या प्रिंटरचा असेल, कदाचित कोणाचाच नसेल. 'ब' चा आवाज त्याच्या घराचा उंबरठासुद्धा ओलांडत नाही. 'ब' कडून आलेल्या उत्तराच्या चिठ्ठीतही खाजगी पत्ताच असल्याने 'अ' चा आवाजही वाया जातो. दोन्हीकडे शांतता. 'ब' चा फोन सार्वजनिक पत्त्यावर असता तर 'अ' चा आवाज त्याला ऐकू गेला असता, 'ब' चा मात्र 'अ' ला नाही. एकाच बाजूचा आवाज येतो तो असा.

थोडक्यात सांगायचे तर पाकिटावरचा पत्ता बदलला गेला आणि पत्रातला तसाच राहिला. 'एच ३२३' मध्ये ही अडचण अधिकच बिकट होती, कारण तेथे एका फोनसाठी जुळवाजुळवीचेही एकाहून अधिक मार्ग उघडावे लागत आणि त्यांचे पोर्ट क्रमांक ऐन वेळी ठरत.

चार स्वभावांचे कारकून

नॅटची यंत्रे अनेक कंपन्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे बनवली. त्यांच्या वागण्याचे चार प्रकार मार्च २००३ मधील एका तांत्रिक टिपणात सांगितले गेले आणि तेच पुढे रूढ झाले. पहिला कारकून उदार. वहीत ४०००२ ची नोंद आहे ना, मग तो क्रमांक घालून कोणाचेही पत्र येवो, तो आत सोडतो. दुसरा जरा सावध. ज्या संस्थेला आपण पत्र पाठवले होते, त्याच संस्थेचे पत्र तो घेतो. तिसरा त्याहून काटेकोर. त्या संस्थेतील ज्या विभागाला पत्र गेले, त्याच विभागाचे उत्तर त्याला चालते. चौथा सर्वांत अवघड. टेबल १० वरून वेगवेगळ्या ठिकाणी पत्रे गेली की तो प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा जावक क्रमांक देतो. त्यामुळे एका ठिकाणी दिसलेला क्रमांक दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही. पुढील उपायांपैकी काही या चौथ्या कारकुनापुढेच हात टेकतात.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

१) कारकुनाला पत्र उघडायला लावणे : राउटरमध्येच अशी सोय केली गेली की त्याने सिपचा निरोप ओळखावा, आतली चिठ्ठी उघडावी आणि तिच्यातला पत्ताही बदलावा. याला 'सिप एएलजी' म्हणतात. ऐकायला ठीक, पण कारकुनाला सिपची भाषा पुरती येत नसली तर तो भलतेच खोडतो. पत्ता बदलला की निरोपाची लांबी बदलते आणि लांबीचा आकडा निरोपात वेगळा लिहिलेला असतो. तो दुरुस्त केला नाही तर पलीकडचा फोन निरोप नाकारतो. शिवाय निरोप सांकेतिक लिपीत मोहोरबंद असेल तर कारकुनाला तो उघडताच येत नाही. म्हणूनच बहुतेक जाणकार राउटरमधील ही सोय बंद ठेवण्याचाच सल्ला देतात.

२) बाहेरच्याला विचारून घेणे : मार्च २००३ मध्ये 'स्टन' ही पद्धत आली. कल्पना साधी आहे. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पत्र पाठवून विचारायचे, 'माझ्या पाकिटावर तुम्हाला कोणता पत्ता आणि जावक क्रमांक दिसतो?' उत्तर येते, '२०३.०.११३.५, क्रमांक ४०००२.' मग फोन चिठ्ठीत खाजगी पत्त्याऐवजी हाच पत्ता लिहितो. पहिल्या तीन कारकुनांपुढे याचा चांगला उपयोग होतो. चौथा मात्र 'ब' साठी नवाच क्रमांक देतो आणि विचारलेले उत्तर फुकट जाते. ऑक्टोबर २००८ मधील सुधारित आवृत्तीत तंत्रज्ञांनीच स्पष्ट केले की स्टन हे एक हत्यार आहे, पूर्ण उपाय नव्हे.

३) दोघांनी एकाच वेळी पत्र पाठवणे : दुसरा आणि तिसरा कारकून अनोळखी पत्र घेत नाहीत. पण 'अ' आणि 'ब' यांना सर्व्हरमार्फत एकमेकांचे बाहेरचे पत्ते कळले आणि दोघांनीही एकमेकांना पत्रे धाडली, तर काय होईल? 'अ' चे पहिले पत्र कदाचित नागपुरात टोपलीत जाईल. परंतु ते निघताना पुण्याच्या वहीत 'ब' ची नोंद झालेली असते. तशीच 'ब' चे पत्र निघताना नागपूरच्या वहीत 'अ' ची होते. त्यानंतरची पत्रे दोन्हीकडे ओळखीची ठरतात आणि मार्ग मोकळा होतो.

४) मध्यस्थाकडे टपालपेटी घेणे : दोन्हीकडे चौथ्या स्वभावाचे कारकून असतील तर थेट मार्ग जवळजवळ अशक्यच होतो. तेव्हा सार्वजनिक पत्त्यावरील एखाद्या सर्व्हरवर तात्पुरती पेटी घ्यायची आणि सारा आवाज त्याच्यामार्फत पाठवायचा. या पद्धतीला 'टर्न' म्हणतात. तिची नियमावली एप्रिल २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. ही युक्ती सहसा हमखास चालते, पण महाग पडते. प्रत्येक शब्द मध्यस्थाच्या दारातून जातो, त्याचा खर्च कोणी तरी सोसावा लागतो. मध्यस्थ दूरच्या खंडात असेल तर उशीरही वाढतो. बोलणे सहज वाटावे यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे.

५) सर्व मार्ग तपासून उत्तम तो निवडणे : एप्रिल २०१० मध्येच 'आइस' ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि जुलै २०१८ मध्ये ती सुधारली गेली. तिच्यात प्रत्येक फोन आपले सर्व संभाव्य पत्ते गोळा करतो. पहिला घरातला खाजगी, दुसरा स्टनने कळलेला बाहेरचा, तिसरा टर्नच्या पेटीचा. दोघे आपापल्या याद्या एकमेकांना देतात, जोड्या लावून प्रत्येक मार्गावर चाचणीची पाकिटे सोडतात आणि जो थेट मार्ग चालतो तो घेतात. कोणताच चालला नाही तर शेवटी मध्यस्थ. ब्राउझरमधून बोलण्यासाठी २०११ मध्ये खुली झालेली आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेली 'वेबआरटीसी' ही पद्धत आइसवरच उभी आहे. एखाद्या दुव्यावर बोट ठेवताच सभा सुरू होते, त्यामागे क्षणभरात ही सर्व धावपळ झालेली असते.

६) चिठ्ठीवर विश्वास न ठेवणे : दूरध्वनी कंपन्यांचे सर्व्हर आणखी एक व्यवहारी मार्ग वापरतात. चिठ्ठीत काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून, आवाजाचे पहिले पाकीट प्रत्यक्षात ज्या पत्त्यावरून आले तेथेच उत्तराचा आवाज पाठवायचा. 'ॲस्टेरिस्क' या मुक्त सॉफ्टवेअरसोबत आलेल्या 'आयॲक्स' या नियमात तर निरोप आणि आवाज दोन्ही ४५६९ या एकाच पोर्टवरून जातात. वेगळी चिठ्ठी नाही, त्यामुळे तो घोटाळाही नाही.

लक्षणांवरून दोष ओळखणे

संस्थेच्या कार्यालयात किंवा घरी सिपचा फोन असेल तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

१) घंटी वाजते, पण एका बाजूचा आवाज नाही : चिठ्ठीत चुकीचा पत्ता गेला आहे. राउटरमधील सिप एएलजी बंद करून पाहावे आणि फोनच्या सेटिंगमध्ये स्टन किंवा आइस चालू करावे.

२) बोलणे बरोबर ३२ सेकंदांनी तुटते : फोन उचलल्याची पोच पलीकडे मिळालेली नसते. सिपच्या नियमाप्रमाणे उचलणारा फोन ३२ सेकंद पोचेची वाट पाहतो आणि मग संभाषण संपवतो. येथेही निरोपातील पत्त्याचाच दोष असतो.

३) आपण लावलेला फोन लागतो, पण आपल्याला आलेला फोन वाजत नाही : कारकुनाने नोंद खोडली आहे. जानेवारी २००७ च्या शिफारशीप्रमाणे अशी नोंद किमान दोन मिनिटे ठेवावी, शक्यतो पाच. पण अनेक राउटर ती त्याआधीच काढून टाकतात. फोन मात्र पुष्कळदा तासातून एकदाच सर्व्हरला हजेरी देतो. उपाय म्हणजे 'कीप अलाइव्ह' ही सोय चालू करावी, म्हणजे दर पंधरा-वीस सेकंदांनी एक लहानसे पाकीट जाऊन नोंद जिवंत राहते.

४) बाहेर फोन लागतात, पण एकाच कार्यालयातील दोन फोन एकमेकांशी बोलत नाहीत : आतून निघून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर परत आलेले पत्र काही कारकुनांना ओळखता येत नाही. राउटर बदलावा किंवा आतल्या आत थेट बोलू देणारी आइससारखी पद्धत वापरावी.

भार कोणी उचलायचा?

इंटरनेटच्या मूळ रचनेत प्रत्येक संगणकाचा दर्जा समान होता. जो दुसऱ्याला हाक मारू शकतो, त्याला दुसराही हाक मारू शकतो, असे ते जाळे होते. नॅटने दोन वर्ग निर्माण केले. सार्वजनिक पत्ता असलेले, ज्यांना कोणीही थेट बोलावू शकते, आणि खाजगी पत्त्यावरचे, ज्यांनी आधी दार ठोठावले तरच त्यांना उत्तर मिळते. दुसऱ्या वर्गातल्यांना बोलते ठेवण्याचा भार कोणी तरी उचलावाच लागतो.

ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या स्काइपने हा भार आपल्या वापरणाऱ्यांवरच टाकला होता. ज्यांच्याकडे सार्वजनिक पत्ता आणि चांगली जोडणी होती, अशांचे संगणक आपोआप 'सुपरनोड' बनत आणि इतरांना जोडून देत. डिसेंबर २०१० मध्ये असे अनेक सुपरनोड एकाच वेळी बंद पडले आणि जवळपास दिवसभर जगातील स्काइप कोलमडले. २०१२ मध्ये मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने हे काम स्वतःच्या सर्व्हरवर घेतले. ५ मे २०२५ रोजी स्काइपची सेवाही संपली.

आज मोठ्या कंपन्या मध्यस्थ सर्व्हरचा खर्च स्वतः करतात, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. पण त्यामुळे बोलणे मोठ्या कंपनीच्या दारातून जाणे हे गृहीत धरले जाऊ लागले आहे. स्वतःचा फोन सर्व्हर चालवू पाहणाऱ्या लहान संस्थेला मात्र हा खर्च आणि ही गुंतागुंत स्वतःच सोसावी लागते. मध्यस्थाचा एक फायदाही नमूद केला पाहिजे. थेट बोलताना आपला आयपी पत्ता समोरच्याला कळू शकतो, मध्यस्थामार्फत बोलताना तो कळत नाही. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉलमधील आयपी पत्ता झाकण्याची सोय दिली, ती याच तत्त्वावर. अनोळखी व्यक्तीशी बोलताना, विशेषतः आपल्या विद्यार्थिनींनी, ती चालू ठेवणे चांगले.

कायमचा उपाय

पत्ते इतके कमी पडले की घरातील राउटरच्या बाहेर सेवा देणाऱ्या कंपनीनेही आणखी एक नॅट बसवायला सुरुवात केली. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा गट राखून ठेवला गेला. म्हणजे एका दारावर दोन कारकून! त्यातला बाहेरचा कारकून आपल्या हुकमात नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे सर्वांना पुरतील इतके पत्ते. आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्येच मांडली गेली होती. तिच्यातील पत्ता १२८ बिटांचा आहे. ३४ वर ३७ शून्ये मांडली की तिच्यातील पत्त्यांची साधारण संख्या मिळते. तेथे पत्ता बदलण्याची गरज उरत नाही, चिठ्ठीत लिहिलेला पत्ता खराच असतो. पत्त्यांच्या वाटपात उशिरा आलेला आपला देश ही सहावी आवृत्ती वापरणाऱ्यांत आज जगात आघाडीवर आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने आपले जाळे सुरुवातीपासूनच तिच्यावर उभारले, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

मात्र येथेही एक सावधगिरी हवी. सहाव्या आवृत्तीतही राउटरवर पहारेकरी असतोच, आणि न बोलावता आलेल्या पाकिटाला तो अडवतो. शिवाय जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या लोकांना एकमेकांशी बोलायचे असते. म्हणून आइस आणि कीप अलाइव्ह यांची गरज लगेच संपणार नाही. पण पत्ता खोटा ठरण्याचा मूळ रोग मात्र जाईल.

विद्यार्थी मित्रांना

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय पुस्तकात वाचण्यापेक्षा स्वतः पडताळून पाहण्यासारखा आहे. आपल्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये दिसणारा पत्ता कागदावर लिहा. मग 'माझा आयपी पत्ता कोणता' असे सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडून तेथे दिसणारा चौथ्या आवृत्तीचा पत्ता त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये कारकून बसलेला आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला दिसला, तर कारकून दोन आहेत. 'वायरशार्क' हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घालून एखादा सिप फोन लावून पाहिलात, तर निरोपातील चिठ्ठी आणि तिच्यातला पत्ता डोळ्यांनी वाचता येईल.

दूरसंचार आणि नेटवर्कच्या क्षेत्रात असे दोष शोधणाऱ्या माणसांची गरज आहे. त्यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत. लागते ती 'नेटवर्क खराब आहे' एवढ्यावर समाधान न मानता, पाकिटावर काय लिहिले आहे आणि आत काय लिहिले आहे, हे चिकाटीने ताडून पाहण्याची सवय. ती सवय आपल्यापैकी काही जणांनी जरी लावून घेतली, तरी हा लेख लिहिण्याचे सार्थक होईल.